कँडीला मामाजींबरोबर

सकाळी साडेसहाला मी खोलीतून बाहेर आले तेव्हा अंगणात मामाजींचे फक्त पाय दिसत होते. बाकीचे मामाजी एका जुन्या हिरव्या मॉरिस गाडीखाली होते. घरमालक गुणपाल लुंगी गुडघ्यांत खोचून शेजारी उकिडवे बसले होते आणि टॉर्चचा उजेड गाडीखाली पाडत होते.

"मामाजी, काल सकाळपर्यंत ताप होता तुम्हाला," मी म्हणाले.

"आज नाही ना पण," खालून आवाज आला. "त्यायले अर्धा इंची पाना दे म्हणा."

"त्यांना मराठी येत नाही."

"पान्याले कायले लागते मराठी?"

गाडीखालून एक काळाकुट्ट हात बाहेर आला. त्यानं दोन बोटांत माप दाखवलं. गुणपालांनी डब्यात हात घातला आणि बरोबर पाना त्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे पाहून ते इतक्या आनंदानं हसले, की मी पुढचं बोलणं सोडून दिलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे, शालिकराम ढोके. आमच्या नागपूरकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी चौतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. रिटायर होऊनही रस्त्यावरून बस गेली की मान तिरपी करून इंजिनाचा आवाज ऐकायचे. बोलणं मात्र कमी. घरात दिवसभरात वीसेक वाक्यं, आणि त्यातली दहा-बारा चिनूच्या वाट्याला. चिनू माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती. तिचे बाबा, माझा नवरा सुगत, त्याआधी तीन वर्षं काविळीनं गेला. अकरा दिवसांत सगळं संपलं. त्यानंतर मी सासरीच राहिले. कोणी राहा म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. मी पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत कामाला जायचे, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई चिनूला शाळेत सोडायच्या, मामाजी तिला घरी आणायचे. सुगतचा फोटो बैठकीत होता. त्याच्याखाली बसून आम्ही चौघं जेवायचो.

त्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहारातून श्रीलंकेची सहल निघाली. तीस माणसं, नऊ दिवस. मामाजी आणि आत्याबाईंनी नावं दिली होती. मामाजींना कँडीचं दंतमंदिर बघायचं होतं, भगवंतांचा दात तिथं जपून ठेवला आहे म्हणून. पण नावं पक्की करायच्या वेळी आत्याबाई अचानक म्हणाल्या, "माझा गुडघा काही एवढं चालू देणार नाही. माझ्या जागी सूनबाईचं नाव टाका." मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही.

कोलंबोहून बस घाट चढायला लागली आणि मामाजींना ताप भरला. पोटही बिघडलं. कँडीच्या डॉक्टरांनी दोन दिवस प्रवास बंद सांगितला. मग आमच्या सहलप्रमुखांनी तळ्याच्या वरच्या टेकडीवर गुणपालांच्या घरी आम्हाला एक खोली घेऊन दिली आणि सोमवारी सकाळी बाकीची मंडळी अनुराधपूरला निघून गेली. ती गुरुवारी परत येऊन आम्हाला घेणार होती. मी गाडीखालच्या पायांशी बोलत होते तो बुधवार होता.

खरं सांगायचं तर मागं राहावं लागलं याचं मला बरंच वाटलं होतं. मला मामाजींशी बोलायचं होतं, आणि ते घरी जमत नव्हतं.

आमच्या खात्यात अरविंद बागडे नावाचे एक कनिष्ठ अभियंता होते. गावोगावच्या विहिरींचे नमुने घेऊन ते आमच्याकडे यायचे. दोन बहिणींची लग्नं करता करता अडतिशी आली, स्वतःचं राहून गेलं. बाटल्यांवर चिठ्ठ्या इतक्या नीट लावलेल्या असायच्या की आमच्या लॅबमध्ये त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची. वर्षभर आम्ही फक्त क्लोरीन आणि फ्लोराइडबद्दल बोललो. मग ते एकदा म्हणाले, "तुमच्या मुलीला मी भेटलो नाही अजून. भेटायला आवडेल." अशी त्यांनी सुरुवातच चिनूपासून केली. सहलीच्या महिनाभर आधी त्यांची नाशिकला बदली झाली. त्यांनी मला सरळ विचारलं. "घाई नाही," म्हणाले, "पण तिथं क्वार्टरचा फॉर्म तुमच्या सहलीतल्या शुक्रवारी द्यायचा आहे. एकट्याचं मागू की कुटुंबाचं, तेवढं तोवर सांगा."

तो शुक्रवार आता दोन दिवसांवर आला होता.

मंगळवारी संध्याकाळी मामाजींना बरं वाटायला लागलं म्हणून आम्ही तळ्याकाठी फिरायला उतरलो होतो. कँडी ही सिंहली राजांची शेवटची राजधानी. तिथली माणसं तिला महानुवर म्हणतात, म्हणजे मोठं शहर. मोठं ते नाहीच. चारी बाजूंनी हिरव्या टेकड्या, मधे तळं, तळ्याच्या काठाला लाटांसारखी नक्षीची पांढरी भिंत, आणि पलीकडे मंदिराचं लाल कौलारू छप्पर. भिंतीला हात लावून आम्ही चालत होतो.

"मी काय म्हणतो सूनबाई," मामाजी म्हणाले.

"काय?"

ते थांबले. समोरून एक लाल बस चढावर येत होती. "तिसऱ्यावर चढून राहिला. दुसरा गिअर टाकाले पाहिजे होता."

थोडं पुढं गेल्यावर मी म्हणाले, "मामाजी, मला तुम्हाला एक विचारायचं होतं."

"विचार ना."

"तुम्ही औषध घेतलं का?"

"घेतलं ना. तूच दिलं."

आम्ही पाऊण तळं असंच फिरलो. चार वेळा त्यांनी "मी काय म्हणतो" म्हटलं आणि चारही वेळा दुसरंच काहीतरी सांगितलं. परतताना एका फोनच्या दुकानातून मी घरी फोन लावला. चिनूनं पडलेल्या दाताची बातमी दिली. मग आत्याबाईंनी फोन घेतला.

"मामाजी काही बोलले का?"

"कशाबद्दल?"

"तब्येतीबद्दल," त्या म्हणाल्या. "बरं वाटते का म्हणून."

"बरं आहे आता."

"मग तेच," म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी नाश्त्याला गुणपालांच्या पत्नी, कुसुमाबाई, यांनी नारळाच्या दुधातला भात केला होता. वड्यांसारखा कापलेला, सोबत झणझणीत चटणी. सणावाराला, शुभकार्याला त्यांच्याकडे तो करतात. कुसुमाबाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, त्यामुळं आमचं दोघींचं बोलणं नीट व्हायचं. माझं नाव संघमित्रा आहे हे कळल्यापासून त्या मला सोडायला तयार नव्हत्या. सम्राट अशोकाच्या संघमित्रेनं बोधिवृक्षाची फांदी त्यांच्या बेटावर आणली, म्हणून त्या नावाला तिथं फार मान. शेजारच्या बायकांना बोलावून त्यांनी मला दाखवलंही होतं.

"कधी ठरलंय?" वाढता वाढता त्यांनी विचारलं.

मला वाटलं मंदिराबद्दल विचारताहेत. "आजच. साडेनऊच्या पूजेला."

त्या हसल्या. "ते नाही. असो. पावसाळ्यानंतर असलं तर बरं." मला काही कळलं नाही. मी चटणीचं कौतुक केलं. मामाजी हात घासून घासून धुऊन आले होते, तरी नखांत काळं राहिलंच होतं. ते मान खाली घालून जेवत होते.

नऊ वाजता आम्ही चौघं मंदिरात गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी विहारात नेसते ती पांढरी साडी नेसले होते. दारावर झडती होती, बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं. मामाजी आणि गुणपाल पुरुषांच्या रांगेत गेले आणि गर्दीत दिसेनासे झाले.

"काळजी करू नका," कुसुमाबाई म्हणाल्या. "त्यांना आता एकमेकांची भाषा येते."

फुलांच्या दुकानातून त्यांनी माझ्यासाठी निळी कमळं घेतली. देठ लांब, पाकळ्या अजून अर्ध्या मिटलेल्या. आत ढोल वाजायला लागले. आधी मला वाटलं हे फार मोठं आहे, कान बसतील. मग चालता चालता ते पायांतून वर चढायला लागलं आणि बरं वाटलं. लाकडी जिन्यावरून रांग इंच इंच सरकत होती. पुढं एक म्हातारी फुलांचं तबक घेऊन होती. येणारा-जाणारा जो तो तिच्या तबकाला हात लावत होता, आणि ती सगळ्यांसमोर तबक धरत होती. फुलं तिची, पण पुण्य सगळ्यांचं, असं कुसुमाबाईंनी सांगितलं. मीही हात लावला.

"हा दात इथं कसा आला माहिती आहे?" त्यांनी विचारलं.

मला नीटसं माहीत नव्हतं.

"कलिंग देशाच्या राजाकडे होता. तुमच्याच देशात. राजावर शत्रू चालून आला. आपण हरणार हे त्याला कळलं. त्यानं लेकीला बोलावलं, हेममाला तिचं नाव. जावयालाही बोलावलं. म्हणाला, तुम्ही दोघं हे घेऊन लंकेला जा. तिनं दात केसांत लपवला आणि बामणाबामणीच्या वेशात दोघं समुद्र ओलांडून आली."

"आणि राजा?"

"तो लढाईत गेला. लेक पुन्हा काही त्याला दिसली नाही." रांग दोन पायऱ्या वर सरकली. "मी शाळेत ही गोष्ट सांगायचे तेव्हा मुलं नेहमी दाताबद्दल विचारायची. मला मात्र त्या बापाचं वाटायचं. इतकी मोठी वस्तू आणि इतकी लाडकी लेक, दोन्ही एकदमच पाठवून दिली त्यानं." मग माझ्या दंडाला हात लावून त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं पाहून मला सोमवारी तीच गोष्ट आठवली."

"माझ्या वडिलांचं?"

"त्यांनी सांगितलं ना. तुम्ही औषध आणायला गेला होतात, मी पेज घेऊन गेले. अंगात ताप आणि हे उठून बसलेले. म्हणाले, डॉटर. मॅरेज. गुड बॉय, इंजिनिअर." कुसुमाबाई त्यांची नक्कल अगदी प्रेमानं करत होत्या. "मोटरसायकल व्हेरी गुड. मग हात जोडले आणि मंदिराकडं बोट दाखवलं. लेकीच्या लग्नासाठी आशीर्वाद मागायला आलोय, असं. डॉक्टरांनाही सांगितलं त्यांनी. काल आमच्या दूधवाल्यालाही."

माझे पाय जिन्यावरच थबकले. मागच्या बाईनं हलकेच मला पुढं सरकवलं.

"एक विचारू?" कुसुमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ते लेक म्हणाले. पण तुम्ही त्यांना मामा म्हणता. आमच्यातही नवऱ्याच्या वडिलांना मामाच म्हणतात. मी यांना बोलले, तर हे म्हणाले, काही विचारू नकोस."

मी मान हलवली. त्यांनीही पुढं काही विचारलं नाही. माझ्या हातातली एक पाकळी बोटानं मागं दुमडून त्या मला दाखवायला लागल्या, अशी दुमडायची, मग फूल उघडं दिसतं.

वर पोचलो. लांब टेबलावर फुलांचा ढीग होता, चाफा, कमळं, मोगरा. त्यात माझी फुलं ठेवली. पलीकडच्या उघड्या दारातून आत सोन्याची, घंटेसारखी मोठी पेटी दिसली. दात तिच्या आत, पेटीच्या आत पेटी अशा सात पेट्यांत असतो म्हणतात. आम्हाला दिसलं ते सोनं आणि त्यावरचा दिव्यांचा उजेड. तीन सेकंद, फार तर चार. मग रांग पुढं. काही मागावं हे सुचलंच नाही.

पुढच्या दालनात लोक जमिनीवर बसले होते. खिडकीजवळ मामाजी दिसले. मांडी घालून, डोळे मिटून. ओठ हलत होते, त्रिशरण म्हणत असावेत. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. कुसुमाबाई आणि गुणपाल आमच्यापासून बरेच लांब जाऊन बसले, मुद्दामच.

मामाजींनी डोळे उघडले. "पाह्यलं का?"

"पाहिलं."

"लय लोक आहेत. पण धक्काबुक्की नाही. चांगलं आहे."

"मामाजी, तुम्ही कुसुमाबाईंना काय सांगितलं?"

ते खिडकीबाहेर पाहायला लागले. बाहेर तळं दिसत होतं.

"बोलल्या का त्या?"

"हो."

खाली ढोल वाजतच होते. मग ते म्हणाले, "नागपूरहून निघाल्यापासून तुले सांगाले पाहून राहिलो. बुढीनं पाठवलंच त्याच्यासाठी. म्हणे, घरात बोलणं होणार नाही तुमच्यानं, वर फोटो आहे पोराचा. तिकडं देवाधर्माच्या गावात घेऊन जा आणि बोला. तिचा गुडघा काही एवढा दुखत नाही."

"तुम्ही मला सोडून सगळ्यांना सांगितलंत."

"इंग्रजीत सोपं गेलं," मामाजी म्हणाले. "दोन शब्द येतात, तेवढेच बोलाले लागतात."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. मी पदरानं तोंड पुसलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"बुढीले कळलं. बायकाले कळते. तुझं त्या दिवशीचं साडी बदलणं, काय काय. मले नाही कळलं. मग म्या जाऊन पाह्यला तो मुलगा."

"कुठं?"

"तुह्या लॅबच्या बाहेर. त्याले नाही, त्याची गाडी पाह्यली. दोनदा गेलो. इंजिनिअर आहे, नाशिकले चालला, हे गेटवरच्या चौकीदारानं सांगतलं." त्यांची मान आता सरळ झाली. या विषयावर त्यांना बोलता येत होतं. "आठ वर्षं जुनी गाडी. चेन साफ, ताण बरोबर. ब्रेकचं शू नवं टाकलेलं. मागच्या सीटचा पायदान कोणी वापरत नाही, तरी त्याले गंज नाही. आपल्या मागं बसणाऱ्याची सोय जो एकटा असतानाही ठेवते, तो माणूस बरा असते."

बागडेंना इतकं नीट मीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"आता एक राह्यलं," मामाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज बारीक झाला. "बुढीनं सांगतलं होतं, हे काढायचं नाही. पण पोटात ठेवून मले जमत नाही. मी मागत नाही. फक्त सांगून राहिलो." त्यांनी सदऱ्याच्या कडेला हात पुसले. "चिनू आमच्यापाशी राह्यली असती तर, असं एकदा मनात आलं होतं."

एक बाई लहान बाळाला घेऊन आमच्या समोरून गेली. मामाजींनी पाय आखडून तिला वाट दिली.

मला माहीत होतं काय म्हणायचं ते. महिनाभर तेच मला घाबरवत होतं, की हे कधीतरी विचारतील आणि मला नाही म्हणावं लागेल. आता विचारलं होतं आणि भीती वाटली नाही.

"चिनू माझ्यासोबत येईल, मामाजी," मी म्हणाले.

"हाव."

"सुट्ट्यांत ती तुमच्याकडं असेल. आणि तुम्ही दोघं आमच्याकडं. पण ती माझ्यासोबत येईल."

"हाव, हाव," ते म्हणाले, आणि मोठा श्वास सोडला. "बरं झालं बोललीस. तू ठेवते म्हटलं असतं तर मलेच झोप आली नसती. मायेशिवाय पोरगी, आणि मीच मागून घेतलेली." मग थोड्या वेळानं, "बुढीले सांगू नको मी बोललो म्हणून."

"नाही सांगणार."

आम्ही तसेच बसून राहिलो. ढोल थांबले तेव्हा शांतता एकदम मोठी वाटली. बाहेर पडताना गुणपालांनी मामाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि सिंहलीत काहीतरी विचारलं. मामाजी मराठीत म्हणाले, "झालं बापा एकदाचं." गुणपालांना ते कळलं.

दुपारी मी फोनच्या दुकानात गेले. मामाजी बाहेर बाकावर बसले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. मी बागडेंच्या ऑफिसचा नंबर लावला. त्यांना बोलावून आणायला दोन मिनिटं लागली, आणि ती मला फार लांब गेली.

"बोला," ते म्हणाले. "बऱ्या आहात ना? सासऱ्यांचा ताप?"

"उतरला. क्वार्टर कुटुंबाचं मागा."

ते म्हणाले, "थांबा, मी बसतो जरा."

"आणि तळमजल्यावरचं मिळालं तर पाहा. आत्याबाईंचा गुडघा दुखतो. तशा म्हणतात तरी."

"येणार आहेत त्या?"

"राहायला नाही. पण येतील."

"लिहून घेतो," बागडे म्हणाले. आणि त्यांनी खरंच लिहून घेतलं असणार, याची मला खात्री होती.

बाहेर आले तेव्हा मामाजींनी समोरच्या गाड्यावरून दोन कप आल्याचा चहा घेतला, एक मला दिला. आम्ही बाकावर बसून टेकडीवरच्या ढगांकडं बघत तो संपवला. त्या दुपारी आम्ही बाजार फिरलो, चिनूसाठी लाकडी हत्ती घेतला, आत्याबाईंसाठी दालचिनी. मामाजी वाटेत तीन वेळा आपण होऊन बोलले. तो माझ्या आठवणीतला त्यांचा सगळ्यात जास्त बोलण्याचा दिवस. गुरुवारी सकाळी सहलीची बस आली, कुसुमाबाईंनी मला मिठी मारली, आणि बस निघाली तरी गुणपाल रस्त्यावर हात हलवत उभे होते.

या सगळ्याला आता अठरा वर्षं झाली. पावसाळ्यानंतर विहारात आमचं लग्न झालं. नाशिकला क्वार्टर तळमजल्यावरचंच मिळालं. मामाजी आणि आत्याबाई दरवर्षी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्याकडं असायचे, आणि मामाजी आमच्या कॉलनीतल्या सगळ्या स्कूटर तपासायचे. चिनू पहिलं वर्षभर नागपूरसाठी रडली, मग नाशिकची झाली, आता पुण्याला नोकरी करते. मामाजी जाऊन पाच वर्षं झाली. त्या दिवशीचं बोलणं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनाही नाही. पण त्यांना सांगायची गरजही नव्हती, हे मला आम्ही नागपूरला परतलो त्याच सकाळी कळलं होतं.

रिक्षा दारात थांबली. चिनू पळत आली, दात पडलेली जागा दाखवून हत्ती घेऊन आत गेली. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी आधी मामाजींच्या चेहऱ्याकडं पाहिलं, मग माझ्या.

"बोलले का?" त्यांनी मामाजींना विचारलं.

"हाव," मामाजी म्हणाले, आणि बॅग उचलून लगबगीनं न्हाणीकडं गेले.

आत्याबाई त्यांच्या पाठमोऱ्या पळण्याकडं बघत राहिल्या. "पोरीचंही बोलले," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतंच म्हणाल्या.

मी चपला काढायला वाकले.

"तू नाही म्हटलं ना?"

"हो, आत्याबाई."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "बस. चहा टाकते."

मी खुर्चीवर बसायला गेले तर तिथं लोकर होती. पिवळी, दोन सुयांसकट. लहान मुलीचा स्वेटर, पाठ आणि पुढा पूर्ण झालेला, एक बाही सुरू. आमच्या नागपुरात कोण मुलांना लोकरीचा एवढा जाड स्वेटर घालतं? मी तो हातात घेतला. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या.

"तुम्ही निघाले त्याच दिवशी घेतला होता विणाले," त्या म्हणाल्या. "नाशिकले थंडी लय पडते म्हणतात."

मी बाही चिनूच्या मापानं हवेत धरून पाहिली. चांगली चार बोटं लांब होती.

"असू दे," आत्याबाई म्हणाल्या आणि आत वळल्या. "तिथं वाढंन ना ते."